जिओकॅशिंग रोड ट्रिप: लपवलेल्या डब्यांच्या मागावर निसर्गरम्य प्रवासाचे नियोजन कसे करावे?

मोबाइलमध्ये जीपीएस असते ते रस्ता सापडावा म्हणून. पण जगभरात असे लाखो लोक आहेत जे त्याच जीपीएसने झाडाच्या ढोलीत, दगडाच्या फटीत किंवा पुलाच्या कठड्यामागे लपवलेले डबे शोधत फिरतात. या खेळाचे नाव जिओकॅशिंग. लांबच्या प्रवासाला हा खेळ जोडला की जिओकॅशिंग रोड ट्रिप तयार होते. एरवी गाडी न थांबवता ज्या जागा मागे टाकल्या असत्या, तिथे पाय उतार व्हायला निमित्त मिळते. मात्र नियोजन चुकले तर अर्धा दिवस चुकीच्या डोंगरावर जातो आणि कधी कधी जिवावरही बेतते.

जिओकॅशिंग कसे सुरू झाले, त्यात काय करायचे असते आणि अशी ट्रिप कशी आखायची, ते अमेरिकेतील एका खऱ्या मार्गाच्या उदाहरणाने पाहू.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

एखादी व्यक्ती पाणी शिरणार नाही असा डबा एका ठिकाणी लपवते आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकते. बाकीचे लोक ते आकडे घेऊन डबा शोधतात. डब्याला ‘कॅश’ म्हणतात. इथे कॅश म्हणजे पैसे नव्हेत, लपवून ठेवलेला साठा. आत एक वही किंवा कागदाची सुरळी असते. तिच्यावर आपले खेळातले नाव व तारीख लिहायची, डबा होता तिथेच परत ठेवायचा आणि ॲपवर नोंद करायची. डबा मोठा असेल तर आत छोट्या वस्तू असतात. एक घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची, असा संकेत आहे. खाण्याचे पदार्थ, दारू, चाकू, स्फोटक वस्तू ठेवायला मनाई आहे.

एक गोष्ट महत्त्वाची. याला खजिन्याचा शोध म्हटले जात असले तरी यात खोदकाम नसते. डबा जमिनीत खड्डा करून पुरायचा नाही, असा खेळाचा नियमच आहे. गुप्तधनाच्या नादाने गडकोटांवर खोदकाम करणाऱ्यांशी या छंदाचा काही संबंध नाही.

सुरुवात कशी झाली?

मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे दाखवलेली जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकायची. मे महिन्याच्या सुरुवातीला ही चूक मिसळणे बंद झाले आणि अचूकता एका झटक्यात साधारण दहापट वाढली.

ती खरेच किती वाढली हे तपासण्यासाठी डेव्ह अल्मर यांनी ३ मे २००० रोजी ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा अशा वस्तू होत्या. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘जिओकॅशिंग’ हा शब्द रूढ झाला आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे मुख्य संकेतस्थळ सुरू केले. त्याचे मुख्यालय सिॲटलमध्ये आहे.

कॅशचे प्रमुख प्रकार

- पारंपरिक: दिलेल्या आकड्यांवरच डबा असतो. रोड ट्रिपसाठी हा सर्वांत सोयीचा.
- मल्टी: पहिल्या जागी दुसऱ्या जागेची खूण मिळते, तिथून पुढची. वेळ जास्त लागतो.
- मिस्ट्री: आधी कोडे सोडवायचे, मग खरी जागा कळते. कोडे घरीच सोडवून निघावे.
- अर्थकॅश: इथे डबा नसतो. खडक, धबधबा, दरी अशी भूवैज्ञानिक जागा पाहून प्रश्नांची उत्तरे पाठवायची. हा प्रकार २००४ मध्ये सुरू झाला.

प्रत्येक कॅशला दोन गुण दिलेले असतात. एक शोधायला किती अवघड यासाठी आणि दुसरा तिथपर्यंतची वाट किती अवघड यासाठी. दोन्ही १ ते ५ असतात. वाटेचा गुण ५ असेल तर तिथे दोर, होडी किंवा इतर खास साधन लागते. लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर वाटेचा गुण २ च्या पुढे जाऊ नये.

उदाहरण: सिॲटल ते बीव्हरक्रीक, तीन दिवस

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील तीन कॅश या छंदात तीर्थक्षेत्रांसारख्या मानल्या जातात. तिन्ही एकाच फेरीत होतात आणि वाटेत पर्वत, कुरणे व नदीची खोल दरी असा सगळा निसर्ग भेटतो. सिॲटल परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्यासाठी तर ही लांबलेल्या शनिवार-रविवारची सहल आहे.

पहिला दिवस: सिॲटलच्या फ्रीमाँट भागातील मुख्यालयात पहिली कॅश. पाहुण्यांसाठीच्या वेळा आधी पाहून जावे. तिथून पूर्वेकडे सुमारे ८५ किलोमीटरवर स्नोक्वाल्मी खिंडीजवळचे ह्याक. इथे जुना रेल्वे बोगदा आहे. त्याची लांबी साडेतीन किलोमीटरहून जास्त असून आता त्यातून पायी किंवा सायकलने जाता येते. २००१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जगात मोजक्या कॅश ठेवल्या होत्या. बहुतेक नाहीशा झाल्या, पण त्यांपैकी एक या बोगद्याच्या पलीकडे आहे. ती २०११ मध्ये गायब झाली होती आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. बोगद्यात दिवे नाहीत आणि आत उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. टॉर्च दोन, जाकीट प्रत्येकी एक, आणि जाऊन-येऊन किमान तीन तास हाताशी ठेवावेत. हिवाळ्यात बर्फामुळे, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, बोगदा बंद असतो. गाडी लावायला राज्याचा डिस्कव्हर पास लागतो.

दुसरा दिवस: एलन्सबर्ग, याकिमा, गोल्डनडेल करत दक्षिणेला मेरीहिल आणि तिथून कोलंबिया नदीच्या काठाने पश्चिमेला पोर्टलँड. एकूण अंतर ४०० ते ४५० किलोमीटर. सुरुवातीला पाइनची जंगले, मग फळबागा, मग उघडी गवताळ टेकाडे. मेरीहिलला पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली स्टोनहेंजची प्रतिकृती आहे. पुढे कोलंबियाची दरी सुरू होते आणि १८९ मीटर उंचीचा मल्टनोमा धबधबा लागतो. दरीतला काळा कातळ पाहून सह्याद्रीची आठवण होईल, कारण दोन्हीकडे खडक बेसाल्टच आहे. मात्र इथला लाव्हा सुमारे पावणेदोन कोटी ते ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, तर दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांहून जुना. अर्थकॅशसाठी हा उत्तम टप्पा.

याच दिवशी याकिमाच्या दक्षिणेचा बराच रस्ता याकामा या मूलनिवासी राष्ट्राच्या राखीव भूमीतून जातो. तिथे महामार्ग सोडून परवानगीशिवाय आत शिरू नये.

तिसरा दिवस: पोर्टलँडहून तासाभराच्या आत बीव्हरक्रीक परिसर. जिथे पहिली बादली ठेवली होती तिथे २००३ पासून स्मृतिफलक आणि एक कॅश आहे. तिथून सिॲटलला परतायला रहदारी नसेल तर साडेतीन-चार तास पुरतात. पण रविवारी संध्याकाळी रहदारी असतेच.

आकडे टाकताना होणारी चूक

स्मृतिफलकाची जागा अशी लिहितात: उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′. म्हणजे ४५ अंश आणि १७.४६० मिनिटे. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून दशांश अंशांत हाच आकडा ४५.२९१० होतो. घाईत कुणी ४५.१७४६० असे टाकले आणि रेखांशातही तीच चूक केली, तर गाडी सुमारे १८ किलोमीटर भलतीकडे जाईल. आणि ‘पश्चिम’साठी रेखांशाआधी उणे चिन्ह द्यायचे राहिले, तर नकाशा थेट ईशान्य चीन दाखवेल! म्हणून आकडे हाताने टाकण्याऐवजी ॲपमधूनच नकाशात उघडावेत.

जवळ पोहोचल्यावर मात्र जीपीएसवर फार विसंबू नये. अक्षांशातील शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा जेमतेम १.८५ मीटर सरकते, पण मोबाइलची स्वतःची चूकच ५ ते १० मीटर असू शकते. दाट झाडी आणि कड्यांच्या पायथ्याशी ती आणखी वाढते. शेवटचे दहा मीटर डोळ्यांनी शोधायचे असतात.

दिवसाला किती कॅश?

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे यादी लांबवणे. नियमानुसार दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर पुरते, त्यामुळे नकाशावर ठिपक्यांची रांगच दिसते आणि मोह होतो. त्याऐवजी वेळेचा हिशेब करावा.

दुसऱ्या दिवसाचेच घ्या. दिवस १० तासांचा. गाडी चालवण्यात साडेपाच तास, जेवण व विश्रांतीत दीड तास. उरले ३ तास, म्हणजे १८० मिनिटे. गाडी लावणे, चालणे, शोधणे आणि नोंद यांना प्रत्येकी २० मिनिटे धरली तर ९ कॅश होतात. त्यातल्या एक तृतीयांश धबधब्यासमोर नुसते उभे राहण्यासाठी सोडून द्याव्यात. हाती राहतात ६. तेवढ्या पुरे.

निवड करताना शेवटच्या नोंदी वाचाव्यात. लागोपाठ तीन-चार जणांनी ‘सापडली नाही’ लिहिले असेल तर डबा बहुधा जागेवर नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

- कॅशची माहिती आणि नकाशे मोबाइलमध्ये उतरवून घ्यावेत. दरीत व खिंडीत नेटवर्क जाते.
- दोन पेन, कोरे कागद, छोटा चिमटा, टॉर्च, पॉवर बँक, पाणी, प्रथमोपचार पेटी.
- रस्ते, जंगलातील वाटा आणि वणव्यांची स्थिती आदल्या दिवशी तपासावी. २०१७ मध्ये कोलंबियाच्या दरीत मोठा वणवा लागला आणि अनेक वाटा दीर्घकाळ बंद राहिल्या.
- मल्टनोमासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात ठराविक वेळेचा प्रवेश परवाना लागू शकतो.
- चालकाने शोधायचे काम गाडी थांबल्यावरच करावे. चालत्या गाडीत ॲप दुसऱ्याच्या हातात.
- परतीची वेळ आणि मार्ग घरी कुणाला तरी सांगून ठेवावा.

धोके कोणते?

२०१८ मध्ये प्राग शहरात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या भुयारी नाल्यात कॅश शोधायला गेलेले लोक अचानक आलेल्या पावसाने अडकले आणि त्यात जीव गेला. डबा उद्याही तिथेच असतो. पाऊस, अंधार किंवा निसरडा कडा दिसला की परत फिरावे आणि ‘सापडली नाही’ अशी नोंद करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा धोका संशयाचा. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ मध्ये एका कॅफेबाहेर लपवलेला डबा बॉम्ब समजला गेला आणि बॉम्बनाशक पथकाला यावे लागले. कुणी विचारले तर लपवाछपवी न करता खेळ काय आहे ते सरळ सांगावे. खाजगी आवार, शाळा, रेल्वेमार्ग आणि लष्करी भाग टाळावेत.

सोशल मीडियावर टाकताना

डबा नेमका कुठे आहे हे दिसेल असा फोटो किंवा रील टाकला की पुढच्यांची मजा संपते आणि डबा चोरीला जाण्याची शक्यता वाढते. या खेळाची माहिती नसलेल्यांना हॅरी पॉटरमधील शब्द घेऊन ‘मगल’ म्हणतात. त्यांच्या नजरेसमोर डबा काढू नये, हा नियम कॅमेऱ्यालाही लागू आहे. डब्यातून डब्यात फिरणाऱ्या ‘ट्रॅव्हल बग’ या बिल्ल्यावरचा क्रमांकही फोटोत दाखवू नये, नाहीतर तो न पाहताच लोक नोंदी करतात. दृश्याचा फोटो हवा तेवढा टाकावा.

भारतात असे करता येते का?

येते, पण डब्यांची संख्या युरोप-अमेरिकेच्या तुलनेत विरळ आहे. नवा डबा ठेवायचा असेल तर जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी हवी. संरक्षित गड, लेणी आणि अभयारण्यांत परस्पर काही लपवणे योग्य नाही. परदेशातून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय बाळगणे बेकायदा आहे. नुसते जीपीएस असलेला मोबाइल पुरेसा आहे.

या छंदात २००२ पासून आणखी एक प्रथा आहे: कॅश शोधायला जाताना एक पिशवी न्यायची आणि वाटेतला कचरा उचलून आणायचा. तिच्यासाठी जीपीएस लागत नाही, आणि आपल्याकडच्या कोणत्याही घाटात ती उद्यापासून पाळता येईल.