माशाचं अंडं आणि बाळाचा अंगठा



बाळ जन्मलं की आपण आधी त्याच्या हातापायांची बोटं बघतो. फार क्वचित, म्हणजे दहा-वीस लाखांत एखाद्या बाळाचे दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले असतात. पुढे त्याच्या मानेवर, पाठीवर गाठी येतात आणि स्नायूंच्या जागी हाड तयार होऊ लागतं. या आजाराला एफओपी म्हणतात. तो समजून घ्यायला एका चिमुकल्या माशाची मोठी मदत झाली. आज त्याचीच गोष्ट.

मासा आपल्याच देशातला. दीड इंचाचा, अंगावर निळे पट्टे, म्हणून नाव झेब्रा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिलं. १८२२ साली छापलेल्या त्या पुस्तकात या माशाची नोंद आहे. पुढे तो शोभेचा मासा म्हणून परदेशी गेला. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं आणि १९८१ साली त्यांचं काम जगापुढे आलं. या माशाचा गर्भ आईच्या पोटात नव्हे, बाहेर पाण्यात वाढतो, आणि तो काचेसारखा आरपार दिसतो. साधारण एका दिवसात त्याचं काळीज धडधडू लागतं, तेही बघता येतं.

गर्भ वाढताना पेशी एकमेकींना निरोप धाडतात. तू वाढ, तू थांब, तू हाड हो. हे निरोप नेणारी प्रथिनं म्हणजे ग्रोथ फॅक्टर, वाढीचे घटक. १९६५ साली अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे नवं हाड तयार झालं. हे घडवणाऱ्या प्रथिनांना बीएमपी असं नाव पडलं. हाड तयार करणं एवढंच त्यांचं काम, असं तेव्हा वाटलं.

मग जर्मनीत ट्यूबिंगन इथे ख्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड या शास्त्रज्ञ बाईंनी हजारो झेब्रा मासे पाळले. गर्भाची घडण कुठे कुठे बिघडते, हे त्यांच्या गटाने एकेका अंड्यात पाहिलं. १९९६ साली ते सारं काम छापून आलं. त्यात मेरी मलिन्स या तरुण संशोधिकेने काही विचित्र पिल्लं नोंदवली होती. त्यांना पाठीचा भाग जास्त, पोटाचा जवळजवळ नाहीच. काही तर चकलीसारखी गुंडाळलेली. पुढे त्यांतली बिघडलेली जनुकं शोधली, तर काही बीएमपीचीच निघाली! म्हणजे हाडाचा निरोप देणारं प्रथिन त्याच्या कितीतरी आधी गर्भाला पोट कुठलं हेही सांगत होतं.

२००६ साली अमेरिकेत एलीन शोर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने एफओपीचं जनुक शोधलं. बीएमपीचा निरोप ऐकणारा पेशीचा कान त्यात बिघडलेला असतो. निरोप नसतानाही त्याला तो ऐकू येतो. हेच बिघडलेलं जनुक माशाच्या अंड्यात घातलं, तेव्हा गर्भाचा पोटाकडचा भाग वाजवीपेक्षा वाढला. बॉस्टनच्या संशोधकांनी तर हजारो रसायनं माशाच्या गर्भांवर पारखली आणि हा निरोप अडवणारं एक रसायन २००८ साली शोधून काढलं. त्याच जातीच्या औषधाने उंदरांमधलं नको तिथलं हाड कमी झालं. माणसाला मुळापासून बरं करणारा उपाय अजून नाही, पण शोधाची वाट त्या अंड्यातूनच निघाली.

मैत्रिणींनो, वाकडा अंगठा म्हणजे हाच आजार, असं मुळीच नाही. पण दोन्ही अंगठे जन्मापासून आखूड-वाकडे असतील आणि नंतर अंगावर गाठी येऊ लागल्या, तर गाठ चोळू नका, कापू देऊ नका. या आजारात इजा झाली की हाड आणखी वाढतं. डॉक्टरांना आधी बाळाचे पाय दाखवा.