सोळाव्या वाहिनीवर ऐकणारे कान

14 एप्रिल 1912 ची मध्यरात्र उलटल्यावर टायटॅनिकने धाडलेली बिनतारी हाक सुमारे 58 सागरी मैलांवरील कार्पेथिया जहाजाने ऐकली आणि ते धावून आले. त्याहून पुष्कळ जवळ कॅलिफोर्नियन हे जहाज उभे होते. त्यावरही बिनतारी यंत्र होते; परंतु एकुलता एक चालक दिवसाचे काम आटोपून झोपी गेला होता. सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे 1914 चा ‘सोलास’, या दुर्घटनेतूनच आकाराला आला. पुढे 500 किलोहर्ट्‌झ या संकट-वारंवारतेवर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, सर्वांनी गप्प राहून केवळ ऐकायचे असा दंडक रूढ झाला. जहाजांवरील बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर ही मौनाची मिनिटे तांबड्या रंगाने रंगवलेली असत.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीएचएफ लहरी सागरी वापरात रुळल्या आणि 156.8 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सोळावी वाहिनी, संकटातल्या हाकेसाठी ठरली. मुठीत मावणारे, साधारण 5 वॅट शक्तीचे संच त्यानंतर आले. या संचाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एकाच गोष्टीत आहेत: त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पाण्यापासून दोन मीटर उंचीवर धरलेल्या दोन संचांना पृथ्वीची गोलाई जेमतेम 11-12 किलोमीटरपर्यंत बोलू देते. किनाऱ्यावर 100 मीटर उंच अँटेना असेल, तर हे अंतर 45 किलोमीटरच्या आसपास जाते. तेही हिशेबापुरते, कारण खवळलेल्या समुद्रात ते घटते. मात्र त्या परिघात जो कोणी सोळाव्या वाहिनीवर असेल, त्या प्रत्येकाला हाक ऐकू येते. समोरच्याचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. भ्रमणध्वनीला हे साधत नाही.

1 फेब्रुवारी 1999 पासून पूर्णपणे लागू झालेल्या जागतिक सागरी संकट-संदेश व्यवस्थेने उपग्रह आणि स्वयंचलित इशारे आणले, तरी हातातला संच मोडीत निघाला नाही. बुडत्या जहाजावरून जीवरक्षक नौकेत उतरताना तो सोबत घ्यायचा असतो आणि त्याची बॅटरी किमान 8 तास टिकली पाहिजे असा नियम आहे. पण ही सक्ती मुख्यतः प्रवासी जहाजांवर आणि आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, 300 किंवा अधिक सकल टनभाराच्या मालवाहू जहाजांवर. मासेमारी नौका या चौकटीबाहेरच राहिल्या.

त्याची किंमत 2017 मध्ये दिसली. कन्याकुमारी जिल्ह्यातील तूत्तूर परिसरातले मच्छीमार खोल समुद्रातील मासेमारीसाठी प्रसिद्ध. एकेका फेरीत ते आठवडेच्या आठवडे बाहेर असतात. 30 नोव्हेंबरला कन्याकुमारीलगतच्या समुद्रात ‘ओखी’ चक्रीवादळ उभे राहिले तेव्हा अशा अनेक नौका किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर होत्या. समुद्रात जाऊ नका, ही सूचना आधीच गेलेल्यांच्या काय कामाची? ज्यांच्याकडे व्हीएचएफ संच होता, त्यांचाही आवाज किनाऱ्याला पोहोचणे शक्य नव्हते. पोहोचला तर शेजारच्या नौकेला, आणि तीही त्याच वादळात. केरळ-तामिळनाडूच्या साठहून अधिक नौका वाऱ्याशी झुंजत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. शेकडो मच्छीमार मात्र परतले नाहीत.

यानंतर साधनांची रीघ लागली. 2019 मध्ये आलेले ‘जेमिनी’ उपकरण ‘गगन’ उपग्रहप्रणालीतून हवामानाचा इशारा नौकेपर्यंत नेई. पण त्यावरून उलट उत्तर देता येत नसे. इस्रोचा संकटसूचक प्रक्षेपक 2010 पासून वापरात होता, त्याची अडचण नेमकी उलटी. बटण दाबले, पण ते कोणी ऐकले का, हे बुडणाऱ्याला कळत नसे. 2024 च्या दुसऱ्या आवृत्तीत पोच परत मिळू लागली. वरवर पाहता ही लहानशी सुधारणा; पण लाटांत तग धरून राहणाऱ्या माणसासाठी तिचे मोल उपग्रहाहून कमी नाही. त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघर येथून, 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला.

असा उपग्रह-संदेश नियंत्रण कक्षात पोहोचतो आणि तिथून बचावपथक निघते. जहाज असो वा हेलिकॉप्टर, अंतर कापायला वेळ लागतोच. तोवर सर्वात जवळचा मदतनीस बहुधा चार-पाच सागरी मैलांवर जाळे ओढणारी दुसरी नौका असते. तिला हाक द्यायची, तर मुठीतला 5 वॅटचा संच चार्ज केलेला हवा, त्याचा परवाना हवा, आणि पलीकडच्या नौकेवर त्या क्षणी कोणीतरी सोळाव्या वाहिनीला कान लावून बसलेले हवे.