पनवेलकडील वाळवण

पनवेलच्या खाडीकाठी रसायन वाळविण्याची विद्या कारखान्यांहून कितीतरी जुनी आहे; कारण मीठ हेही रसायनच, आणि उधाणाचे पाणी बांधाआड घेऊन, ते एकाहून एक उथळ वाफ्यांत उतरवीत, केवळ ऊन व वारा यांच्या बळावर आटवून, तळाशी धरलेले दाणे लाकडी फावड्याने ओढून काढण्याचे कष्ट या मुलखातील आगरी समाज पिढ्यान्‌पिढ्या उपसत आला. इंधनाचा खर्च नव्हता; मात्र उघड्यावरची रास मृगाच्या सरीने विरघळे, आणि जे उरे त्यावर सरकार महसूल घेई. परवान्याविना मीठ काढणे इंग्रजी अंमलात गुन्हा होता. सूर्याच्या मेहनतीवर बसविलेला हा कर १९४७ साली उठला.

१९६० साली स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स’ या सरकारी कंपनीचा कारखाना पनवेलनजीक रसायनीस उभा राहिला, पुढे तळोजे व पाताळगंगा येथे औद्योगिक वसाहती झाल्या, आणि वाळवण छपराखाली आले. रासायनिक कारखान्यांत गाळणीवरचा ओला लगदा, ज्याला कामगार ‘केक’ म्हणतात, ट्रेमध्ये पसरून गरम हवेच्या कपाटात तासन्‌तास ठेवावा लागे. वरचा थर आधी सुकून कडक होई, खाली ओल कोंडे, आणि मग दार उघडून, गठळ्या फोडून, भुकटी नाकातोंडात घेत माल पुन्हा पसरणे आले. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागतेच, त्यातून कोणाची सुटका नाही. परंतु हवा, ट्रे आणि भिंती तापविण्यात जाणारी उष्णता हा निव्वळ अपव्यय होय.

त्यावरचा तोडगा दुसऱ्या महायुद्धातून निघाला. रडारसाठी १९४० साली बर्मिंगहॅम येथे रँडल व बूट या शास्त्रज्ञांनी घडविलेल्या मॅग्नेट्रॉन या उपकरणाच्या सूक्ष्मलहरी पदार्थ तापवितात, हे १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांच्या ध्यानी आले. सेकंदास २४५ कोटी आवर्तने करणाऱ्या विद्युत्क्षेत्रात पाण्याचे रेणू घुसळले जातात, आणि उष्णता मालाच्या अंतर्भागातच निर्माण होते. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली सूक्ष्मलहरींसाठी सुरू झालेल्या विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही सरकारी संस्था साकारली. सूक्ष्मलहरींचे उपयोजन हे तिचे मुख्य कार्य, आणि तिचे एक संकुल पनवेल तालुक्यातील खारघरात आहे.

वीज मात्र महाग. म्हणून शहाणा अभियंता बहुतेक पाणी सेंट्रिफ्यूज व गरम हवेने काढून, कणांच्या पोटात दडलेली शेवटची ओलच तेवढी या लहरींकडे सोपवितो. आणि माल ज्वालाग्राही द्रावकाने भिजलेला असेल, तर ठिणगीच्या धास्तीने आधी पात्रातील हवा काढून नायट्रोजन भरतो.