पावसाळे पाहणे

(वाक्प्रचार.) वयाने आणि अनुभवाने वडील असणे, काळाचे बरेवाईट फेरे स्वतःच्या अंगावरून गेलेले असणे. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत मी’ या रूपात हा प्रयोग सर्वाधिक ऐकू येतो. ‘उन्हाळे-पावसाळे पाहणे’ या जोडरूपात सुखदुःखाचा भाव अधिक येतो, तर नुसत्या पावसाळ्यांचा उल्लेख झाला म्हणजे बोलणारा आपल्या वयाचा हक्क सांगत असतो.

काळ फार लोटला हे सांगावयाचे असता इंग्रजी काव्यभाषा कित्येक चंद्र उलटून गेल्याचे सांगते; त्याच भाषेच्या प्राचीन अवस्थेत माणसाचे वय हिवाळ्यांनी मोजीत असत, आणि आपल्याकडील वैदिक ऋषींनी देवांपाशी शंभर शरदांचे आयुष्य मागितले. ज्या ऋतूतून पार पडणे कठीण, अथवा ज्याच्या अखेरीस हायसे वाटावे, त्याच ऋतूने वर्षांची गणती करण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो, आणि महाराष्ट्रात हा मान पावसाळ्याला मिळाला यात नवल नाही. परंतु चंद्र आणि पाऊस या दोन मापांत एक मूलभूत भेद आहे, आणि या वाक्प्रचाराचे सारे सामर्थ्य त्या भेदातच आहे. चंद्राची एक फेरी दुसरीसारखीच, साडेएकोणतीस दिवसांची, असते. ती मोजली असता काळ किती गेला एवढेच कळते. पावसाळा मात्र एकासारखा दुसरा नसतो, आणि म्हणून ज्याने पावसाळे पाहिले त्याने काळाबरोबरच काळाची तऱ्हाही पाहिलेली असते.

चंद्रावरची गणती शेतीच्या आणि शेतसाऱ्याच्या कामी येत नाही, हा अनुभव दख्खनच्या राज्यकर्त्यांस चौदाव्या शतकातच आला. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचे, म्हणजे 354 दिवसांचे. ते सौरवर्षाहून दर साल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते, आणि सुमारे तेहेतीस वर्षांत पुरते एक वर्ष अधिक भरते. पीक तर सूर्याच्या गतीने आणि पावसाच्या मर्जीने येणार. अशा स्थितीत शेत उभे असताना एका सालचा वसूल दुसऱ्या सालात जमा धरावा लागू नये, म्हणून महंमद तुघलकाच्या अमदानीत, हिजरी 745 म्हणजे इसवी 1344 पासून, दख्खनेत शुहूर सन सुरू झाला. त्याची वर्षसंख्या अरबी, महिन्यांची नावे मुसलमानी. पण वर्षारंभ मात्र सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, आणि त्यामुळेच त्यास लोक ‘मृगसाल’ म्हणू लागले. मराठ्यांच्या राज्यात सनदा, महजर, ताकीदपत्रे, जमाबंदीचे कागद या साऱ्यांवर हाच सन पडत गेला, आणि पेशवे दफ्तरातील एखाद्या पत्रावर ‘इहिदे’, ‘इसन्ने’, ‘सलास’ असे अंकवाचक अरबी शब्द वाचून त्यात 599 मिळवून इसवी सन काढताना आजच्या अभ्यासकासही महिना मृगाच्या अलीकडचा की पलीकडचा हे आधी पाहावे लागते; कारण जानेवारीपासून मृगापूर्वीपर्यंत लिहिलेल्या कागदास 599 न मिळवता 600 मिळवावे लागतात. शेतकऱ्याच्या तोंडच्या वाक्प्रचारात आणि सरकारी कारकुनाच्या शिरस्त्यात वर्ष एकाच क्षणी, पहिल्या पावसाच्या अपेक्षेने, सुरू होत होते, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

मृग आज 7 किंवा 8 जूनच्या सुमारास लागतो. त्यासह आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त अशी नऊ नक्षत्रे, प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची, ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत पावसाची मानली जातात. या प्रत्येकाचा स्वभाव लोकांनी ओळखून ठेवला आहे: पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’, हस्ताचा तो ‘हत्तीचा’. पंचांगकर्ते प्रत्येक नक्षत्रास बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर असे वाहन देतात, आणि जून उजाडला की पर्जन्यविचाराचे ते पान काढून यंदा मृगाचे वाहन काय, हे घरातील वडीलधाऱ्यास विचारण्याची चाल खेड्यांतून अद्याप आहे. बेडूक किंवा म्हैस आली तर पाणी भरपूर, कोल्हा आला तर हुलकावणी, असा समज. या अनुमानास शास्त्राचा आधार नाही हे उघड आहे. तथापि नऊ नक्षत्रांपैकी कोणते कोरडे गेले, कोणत्याने पेरणी साधली आणि कोणत्याने काढणीला आलेले धान्य भिजविले, याची वर्षावर्षाची नोंद ज्या स्मरणात राहते, ते स्मरण मात्र तपासून पाहण्याजोगे असते.

वाक्प्रचाराचा हा अर्थ प्रत्यक्ष पाहावयाचा तर पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, सिंहगडच्या रस्त्यालगत असलेल्या धायरीसारखे गाव घ्यावे. धारेश्वराचे देवस्थान असलेले, हवेली तालुक्यातील हे एके काळचे शेतीचे गाव. 2017 साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या 11 गावांत त्याचे नाव आहे. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून थोड्या कोसांवर, पानशेतच्या खोऱ्यात, त्याच्या कित्येक पट. म्हणून या पट्ट्यातील माणसाला स्वतःच्या डोक्यावरच्या आभाळाइतकेच सह्याद्रीच्या माथ्यावरचे आभाळ महत्त्वाचे असते. 12 जुलै 1961 रोजी बांधकाम पूर्ण व्हावयाचे असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. त्यानंतर कित्येक वर्षे ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ अशी लग्नांची, जन्मांची, घरांच्या व्यवहारांची कालगणना पुणेकरांच्या बोलण्यात चालू राहिली. पुढे दहा-अकरा वर्षांनीच ‘बहात्तरचा दुष्काळ’ आला. एकाच माणसाने अवघ्या बारा वर्षांच्या आत धरणे फोडणारे पाणी आणि विहिरींचे तळ उघडे पाडणारी अवर्षणे अशी दोन्ही टोके पाहिली, आणि त्या बारा वर्षांचे वजन पत्रिकेतल्या बारा वर्षांइतकेच कसे धरावे?

शेते जाऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या म्हणून या ज्ञानाची किंमत सरली असे समजणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी, झुडपांनी भरलेली एखादी घळ ही ओढ्याची वाट असते, आणि मघा-पूर्वाच्या एका रात्रीत ती आपली वाट परत मागते, हे जमिनीच्या मोजणीच्या नकाशापेक्षा गावातील जुन्या माणसाला अधिक नेमके ठाऊक असते. अशा वेळी तो ‘येथे भराव टाकू नका, मी चार पावसाळे जास्त पाहिले आहेत’ असे म्हणतो, तेव्हा तो वयाचा तोरा मिरवीत नसून पुरावा देत असतो. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात रात्रीतून हाहाकार माजविला, आणि 25 जुलै 2024 रोजी मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत शिरले. हवामान खाते पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठला मोजते, आणि त्या आकड्यांवाचून आज कोणाचे चालणार नाही. पण पाणी किती पडले हे मापक सांगते, ते कोठून गेले हे सांगणारी माणसे गावोगाव कमी होत चालली आहेत, आणि त्यांचे सांगणे कोणी लिहून घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रयोगाविषयी थोडे. यातील संख्या बहुधा ‘चार’ असते, क्वचित ‘दोन-चार’. वय सत्तावन असले तरी सहसा कोणी सत्तावन पावसाळे पाहिल्याचे सांगत नाही. वडील माणूस स्वतःविषयी, धाकट्यास समजावताना किंवा बजावताना, हा प्रयोग करतो, आणि आजी नातसुनेस, थोरला भाऊ धाकट्यास तो सहज ऐकवितो. तिऱ्हाइताविषयी बोलताना ‘त्यांनी पुष्कळ पावसाळे पाहिलेत’ असे आदराने म्हणतात. समोरच्या वडील माणसास मात्र ‘तुम्ही किती पावसाळे पाहिलेत?’ असे विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. ‘केस उन्हात पांढरे केलेले नाहीत’ हा याचा जवळचा सोबती. पण त्यात चिडीचा सूर असतो, आणि पावसाळ्यांच्या प्रयोगात तो असेलच असे नाही.