चाचणी एकदाच, तयारी पिढ्यांची : टस्कीगीचे वैमानिक आणि आपण

भारतीय हवाई दलात वैमानिक व्हायचे असेल तर एक चाचणी अशी द्यावी लागते, जी आयुष्यात एकदाच देता येते. तिला सीपीएसएस म्हणतात, म्हणजे संगणकावर घेतली जाणारी वैमानिक निवड चाचणी. पूर्वी तिच्या जागी पीएबीटी होती. तुम्ही एनडीएतून जा, एएफकॅटमधून जा, नाहीतर एनसीसीच्या वाटेने जा. या चाचणीत नापास झालात की फ्लाइंग ब्रँचचे दार कायमचे बंद. लेखी परीक्षा पुन्हा देता येते, एसएसबीला पुन्हा जाता येते. ही मात्र पुन्हा नाही.

मेरिटची जपमाळ ओढणारे म्हणतील, यात अन्याय कुठे आहे? यंत्राला जात कळत नाही. मान्य, यंत्राला जात कळत नाही. पण यंत्रासमोर कोण येऊन बसेल आणि काय शिकून येऊन बसेल, हे यंत्र ठरवत नाही. ते समाज ठरवतो, सरकार ठरवते, बापाच्या घरातली पुस्तके ठरवतात. हे आम्ही रागाने बोलत नाही. लष्करी वैमानिकांच्या निवडीचा इतिहासच हे सांगतो. तो इतिहास आपल्या तरुणांनी वाचला पाहिजे, म्हणून हा लेख.

निकाल आधी, परीक्षा नंतर

१९२५ साली अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला. युद्धात कृष्णवर्णीय माणसांचा उपयोग कसा करावा, हा त्याचा विषय. त्यात कवटीच्या आकाराचे आणि मेंदूच्या वजनाचे दाखले देऊन ठरवून टाकले की हा माणूस बुद्धीने कमी, धैर्याने कमी आणि गोऱ्यांच्या हुकमतीखालीच उपयोगी. त्या वेळी अमेरिकी सैन्यात एकही कृष्णवर्णीय वैमानिक नव्हता, कारण कुणाला घेतलेच नव्हते. अमेरिकेत जन्मलेला युजीन बुलार्ड १९१७ मध्ये फ्रान्सच्या बाजूने लढाऊ विमान उडवून मोकळा झाला होता. स्वतःच्या देशाच्या सैन्याने त्याला घेतले नाही. बेसी कोलमनला अमेरिकेत कुणी विमान शिकवेना, म्हणून ती फ्रेंच भाषा शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये परवाना घेऊन परतली. पुरावा डोळ्यांसमोर उडत होता. अहवाल लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही.

त्याआधी, पहिल्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याने लाखो सैनिकांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या होत्या. त्यांचे आकडे पुढे करून वंश श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणारी पुस्तके निघाली. या लबाडीला उत्तर दिले समाजशास्त्रीय पद्धतीने विचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्याच ऑटो क्लाइनबर्ग यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेली कृष्णवर्णीय मुले जितकी वर्षे तिथल्या शाळेत काढतात, तितके त्यांचे चाचणीतले गुण वाढतात. मूल तेच, रक्त तेच. बदलली ती शाळा.

आता आपल्याकडे या. महार सैनिक ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढले. कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. मग १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त रेटला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोणत्या परीक्षेत नापास झालो म्हणून? कोणत्याच नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडलीही गेली.

एकलव्याचा अंगठा तो नापास झाला म्हणून कापला गेला नव्हता. तो पास झाला होता, म्हणून कापला गेला.

या बंदीने नुसती नोकरी गेली असे समजू नका. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्कराने शाळा दिली, शाळेने घरात पुस्तक आणले, आणि त्या घरात बाबासाहेब घडले. भरती बंद झाली तेव्हा अशा किती घरांत येऊ शकणारे पुस्तक अडले, याचा हिशेब कुठल्याच मेरिट लिस्टमध्ये मांडला जात नाही. तयारी ही अशी पिढ्यांची गोष्ट असते.

टस्कीगीने काय केले?

बेंजामिन डेव्हिस हा तरुण १९३२ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. चार वर्षे त्याच्याशी एकही सहाध्यायी कामाव्यतिरिक्त बोलला नाही. जेवणाच्या टेबलावर एकटा, खोलीत एकटा. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही १९३६ मध्ये तो २७६ जणांत ३५ वा येऊन बाहेर पडला. त्याने वैमानिक होण्यासाठी केलेला अर्ज मात्र आधीच फेटाळला गेला होता. कारण दिले गेले की कृष्णवर्णीयांची हवाई तुकडीच नाही. तुकडी नाही म्हणून वैमानिक नाही, आणि वैमानिक नाहीत म्हणून तुकडी नाही!

हा फास सुटला तो तीन बाजूंनी एकाच वेळी ओढल्यामुळे.

पहिली बाजू रस्त्यावरची आणि कोर्टातली. १९३९ मध्ये सरकारने महाविद्यालयांतून नागरी वैमानिक घडवण्याची योजना आणली. त्यात कृष्णवर्णीयांनाही जागा मिळाली पाहिजे म्हणून त्यांची वृत्तपत्रे आणि संघटना भांडल्या. दोन कृष्णवर्णीय वैमानिक, चॉन्सी स्पेन्सर आणि डेल व्हाइट, जुनाट विमान घेऊन शिकागोहून वॉशिंग्टनला गेले आणि लोकप्रतिनिधींना भेटले. कायद्यात वंशभेदाला मनाई करणारे कलम आले. पुढे जानेवारी १९४१ मध्ये यान्सी विल्यम्स या विद्यार्थ्याने युद्धखात्यावर खटला भरला आणि त्याच सुमारास कृष्णवर्णीयांच्या लढाऊ स्क्वाड्रनची घोषणा झाली.

दुसरी बाजू संस्थेची. अलाबामातली टस्कीगी ही १८८१ पासून चालत आलेली शिक्षणसंस्था. तिने योजनेत भाग घेतला, विद्यार्थी जमवले, गणित, हवामान, दिशाज्ञान शिकवले, विमानतळासाठी कर्ज उभे केले.

तिसरी बाजू शिक्षकाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. टस्कीगीचा मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन याला तरुणपणी कुणी विमान शिकवायला तयार नव्हते. त्याने साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घालून स्वतःच विमान विकत घेतले, धडपडत शिकला आणि १९३२ मध्ये व्यावसायिक परवान्यापर्यंत पोहोचला. मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट त्याच्या विमानात बसल्या. ते छायाचित्र देशभर गेले. दार उघडले तेव्हा आत जायला शिक्षक तयार होता. तो नसता तर उघडलेले दारही उपयोगाचे नव्हते.

जुलै १९४१ मध्ये पहिली तुकडी सुरू झाली तेव्हा तेरा जण होते. ७ मार्च १९४२ रोजी त्यांतले पाच वैमानिक झाले. तेरातून पाच! तिथे सवलतीत कुणालाही पंख मिळाले नाहीत. १९४६ पर्यंत टस्कीगीतून साडेनऊशेहून अधिक वैमानिक बाहेर पडले. तरीही भेद संपला नव्हता. चाचण्या उत्तीर्ण झालेले कितीतरी तरुण ताटकळत राहिले, कारण त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे ठिकाण एकच आणि जागा मोजक्या. युद्धखात्याचे सल्लागार विल्यम हॅस्टी यांनी या वेगळ्या पंगतीच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला.

१९४३ मध्ये एका गोऱ्या अधिकाऱ्याने ९९ व्या स्क्वाड्रनवर अहवाल पाठवला की ही माणसे आक्रमक नाहीत, यांना आघाडीवरून हटवा. डेव्हिसने चौकशी समितीपुढे उभे राहून सांगितले की आमच्या तुकडीत आधी लढलेला एकही वैमानिक नव्हता. इतर स्क्वाड्रनमध्ये नवख्याला सोबत घेऊन उडणारे जुने हात असतात. वेगळे ठेवल्यामुळे आम्हाला ते मिळाले नाहीत. लष्करानेच मग आकडे तपासले. त्याच विमानांवर लढणाऱ्या इतर तुकड्यांत आणि ९९ व्या स्क्वाड्रनमध्ये ठळक फरक निघाला नाही. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला भेद संपवण्याचा आदेश काढला.

डेव्हिसचे ते वाक्य आपण नीट ऐकायला हवे. अडचण बुद्धीची नव्हती. 'मी हे केले आहे, तू असे कर' असे सांगणारे आपले माणूस शेजारी नव्हते.

१९४१, आणि त्यानंतर

टस्कीगीची पहिली तुकडी सुरू झाली त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमले गेले. त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला होताच. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पन्नास वर्षे 'लढाऊ नाहीत' म्हणून बाहेर ठेवलेले लोक पुन्हा रांगेत आले. काही जण विचारतात, सैन्यात जाऊन काय मिळणार? त्यांना एवढेच सांगतो की बाबासाहेबांनी ते दार पुन्हा उघडून घेतले, कारण बंद झाल्यावर काय गेले हे त्यांना घरातूनच ठाऊक होते.

आज आपण ज्या एसएसबीला घाबरतो, तिचे मूळही याच काळातले आहे. ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडताना शाळा आणि घराणे पाहून छोटी मुलाखत घेत. महायुद्धात ती पद्धत तोकडी पडली, म्हणून १९४२ मध्ये मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामे आणि मुलाखत अशी नवी निवड मंडळे आली. भारतात असे प्रायोगिक मंडळ १९४३ मध्ये डेहराडूनला बसले. म्हणजे चाचणी ही आपली शत्रू नाही. खानदान पाहून निवड करण्यापेक्षा ती कधीही बरी. पण चाचणी वर्तमान मोजते. त्या वर्तमानामागचा इतिहास तिला मोजता येत नाही.

मग आता?

सैन्याच्या भरतीत आपल्याला आरक्षण नाही. सैनिक शाळांत मात्र अनुसूचित जातींसाठी १५ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा आहेत. म्हणजे आपला हक्क तयारीच्या टप्प्यावर आहे, निवडीच्या टप्प्यावर नाही. हे उमगले की काम कुठे करायचे ते कळते.

हवाई दलात वैमानिक व्हायला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. दहावीनंतर माहितीअभावी दुसरी शाखा घेतलेल्या हुशार मुलीची वाट तिथेच संपते, आणि तिला ते कळतही नाही. म्हणून माहिती आठवीत पोहोचली पाहिजे. डोळे, उंची, पायांची आणि मांडीची लांबी हे सारे मापात बसावे लागते. कॉकपिटमध्ये नीट बसता यावे म्हणून ही मापे असतात. ती आधीच तपासून घ्या, म्हणजे वर्षे वाया जाणार नाहीत. सीपीएसएसमध्ये तबकड्यांवरची आकडेवारी झटकन वाचणे, हात-पाय-डोळे एकत्र चालवणे, दोन-तीन गोष्टींवर एकदम लक्ष ठेवणे हे पाहतात. घोकून ती पास होता येत नाही. पण ज्याने जॉयस्टिकला कधी हात लावलेला नाही, सूचना कधी घड्याळ लावून वाचलेल्या नाहीत, त्याचे पहिले काही क्षण बावरण्यातच जातात. संधी एकदाच असेल तर ते क्षण महाग पडतात. जुना संगणक, एक साधी जॉयस्टिक आणि सिम्युलेटरचा खेळ एवढे आपल्या अभ्यासिकेत सहज येऊ शकते.

नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र एसएसबीची मोफत तयारी करून घेते. छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून आहे. आपल्या किती वस्त्यांत ही नावे माहीत आहेत? मुलींनाही आता थांबण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये पहिल्या तीन महिला फायटर पायलट झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले. 'लायक नाहीत' हे वाक्य त्यांनाही ऐकवले गेले होतेच.

आणि सर्वांत आधी आपले अँडरसन शोधा. निवृत्त सुभेदार, हवाई दलातला तंत्रज्ञ, एसएसबीच्या पाच दिवसांतून जाऊन आलेला, निवड न झालेला तरुणसुद्धा. त्याला १४ एप्रिलच्या व्यासपीठावर हार घालून घरी पाठवू नका. आठवड्यातून दोन तास अभ्यासिकेत बसवा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेऐवजी या कामाला लावायचा की नाही, हे यंदाच्या बैठकीत ठरवा. सरकारकडे मागणीही करायचीच: अधिकारी निवडीच्या तयारीची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यात हवीत, आणि त्यांत आपल्या मुलांना जागा हव्यात. खटला भरणे आणि वर्ग भरवणे ही दोन्ही कामे एकदम झाली म्हणून तेरातले पाच उडाले.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा क्रम आपल्याला पाठ आहे. आकाशालाही तोच लागू आहे.

जय भीम!