इंजिनावरची गादी

आजचा भाग एका श्रोत्यांच्या प्रश्नातून निघालाय. ते जर्मनीत राहतात, त्यांनी फोक्सवॅगनची एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीय, १९८० च्या दशकातली. मागच्या पलंगाखालीच इंजिन आहे. त्यांनी विचारलंय, या इंजिनाच्या झाकणावर काय अंथरू म्हणजे मुलांना नीट झोप लागेल? आणि जाताजाता अजून एक वाक्य लिहिलंय, ‘मुळात इंजिनावर पलंग ठेवायची कल्पना कुणाची?’

तर मंडळी, उत्तर असं की कल्पना कुणाचीच नाही. ते तसं होत गेलं.

गोष्ट सुरू होते वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात, दुसऱ्या महायुद्धानंतर. कारखाना तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता आणि मेजर आयव्हन हर्स्ट तिथला कारभार बघत होते. कारखान्यात सामान हलवायला बीटल गाडीच्या सुट्या भागांवर बांधलेल्या सपाट गाड्या होत्या. जर्मनमध्ये ‘प्लाटेनवागेन’. पुढे नुसती फळी, आणि ड्रायव्हर कुठे? तर सगळ्यात मागे, इंजिनाच्या वर. बेन पोन नावाच्या डच विक्रेत्याला ही गाडी हॉलंडमध्ये न्यायची होती. पण तिथल्या वाहतूक खात्यानं सांगितलं, ड्रायव्हर पुढेच बसला पाहिजे, नाहीतर रस्त्यावर परवानगी नाही. मग २३ एप्रिल १९४७ रोजी पोननं वहीत एक चित्र काढलं. पावाच्या लादीसारखी एक पेटी, ड्रायव्हर पुढे, इंजिन मागे, माल मधे. ती वही आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे.

म्हणजे बघा, इंजिनावर बसलेल्या ड्रायव्हरला उठवून पुढे नेलं आणि ती जागा रिकामी झाली. पुढे त्या जागेवर झोपणारा माणूस आला.

८ मार्च १९५० पासून ही व्हॅन बनू लागली. ११३१ सीसी, २५ अश्वशक्ती, चार सिलिंडर दोन-दोन समोरासमोर आडवे, आणि थंड करायला पाणी नाही, फक्त पंख्याची हवा. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाचा कप्पा अवाढव्य होता. पेट्रोलची टाकी आणि स्टेपनीसुद्धा त्यातच. १९५५ मध्ये रचना बदलली, कप्पा लहान झाला, आणि इंजिनाच्या वर मागे एक चांगला रुंद कट्टा मिळाला. सामान ठेवायला. पण ज्यांच्या घरी ही गाडी होती त्यांच्या आठवणी ऐका, त्या कट्ट्यावर सामान कमी आणि पोरं जास्त. ऊबदार जागा, खाली एका लयीत घरघर. पोरं गपगार झोपणारच.

याच सुमारास वीडेनब्रुक गावची वेस्टफालिया कंपनी यात शिरली. ही कंपनी १८४४ ची, म्हणजे मोटार जन्मायच्याही आधीची. १९५१ मध्ये त्यांनी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. लाकडी कपाटांचा आणि गाद्यांचा संच. आठवडाभर व्हॅननं धंदा करायचा आणि सुट्टी आली की हे आत बसवायचं. पुढे पलंगाची जी रचना रूढ झाली ती अशी: मागच्या सीटची पाठ आडवी पाडली की ती इंजिनावरच्या कट्ट्याच्या पातळीत येते, आणि दोन्ही मिळून एक लांब पलंग. इंग्लंडात त्याला चक्क ‘रॉक अँड रोल बेड’ म्हणतात. या पलंगाचा मागचा भाग थेट इंजिनावर. तिथे डोकं करायचं की पाय, यावर या गाडीवाल्यांत अजून भांडणं चालतात.

आता श्रोत्यांच्या प्रश्नाकडे वळते. झाकणावर काय अंथरायचं, हा प्रश्न खरं म्हणजे एक नाही, तीन आहेत. उष्णता, आवाज आणि धूर. यातला उष्णतेचाच विचार सगळे आधी करतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा.

का? हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाची एक गंमत आहे. इंजिनाच्या चहूबाजूंनी पत्र्याची झालर असते आणि तिच्या कडेला रबरी पट्टी. या झालरीमुळे कप्प्याचे दोन मजले होतात. वरच्या मजल्यावर गाडीच्या बाजूच्या जाळ्यांतून आलेली बाहेरची थंड हवा, खालच्या मजल्यावर सायलेन्सर आणि गरम हवा. पंखा वरची थंड हवा ओढतो, इंजिनावरून फिरवतो आणि खाली सोडतो. म्हणजे गाडी चालू असताना पलंगाला चिकटून जी हवा असते ती मुळात थंड बाजूची. ती रबरी पट्टी कुजली की खालची गरम हवा वर येते, पंखा तीच परत ओढतो, आणि इंजिन तापत जातं. अशा वेळी माणसं वर गादीखाली जाड फोम टाकतात आणि म्हणतात, झालं काम. झोपणाऱ्याला वाटतं सगळं थंड आहे, आणि खाली इंजिन आपल्या मरणाकडे निघालेलं असतं.

खरी उष्णता गाडी थांबल्यावर वर येते. पंखा बंद, इंजिन तापलेलं, आणि ती सगळी धग हळूहळू वरच्या पत्र्यात. नेमकी तीच वेळ गादी अंथरायची. तासाभरात ती जाते, आणि मग उलटा खेळ सुरू होतो. थंडीच्या रात्री तो पत्रा गारठतो, झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गादीखाली जाऊन त्यावर पाणी होऊन बसते. सकाळी गादी ओली, काही वर्षांत पत्रा गंजका. म्हणून जाणकार लोक गादी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या ठेवतात, हवा खेळायला.

आवाजाचं गणित वेगळं. फोमनं आवाज थांबतो असं वाटतं, पण नुसता हलका फोम खालची जड घरघर अडवू शकत नाही. तिला वजन लागतं. पत्रा ढोलकीच्या चामड्यासारखा थरथरतो, त्यावर डांबराची किंवा ब्युटाइल रबराची जड चादर चिकटवली की तो ढोल बसतो. मग त्यावर मऊ थर, म्हणजे नमदा, बंद छिद्रांचा फोम, काहीही. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला पाण्याचं अंगरखं नसतं, त्यामुळे त्याचा आवाज उघडा येतो. १९७९ मध्ये तिसऱ्या पिढीची व्हॅन आली तेव्हा इंजिनावरचा कट्टा आणखी खाली आणला, म्हणजे झोपणारा आणि इंजिन आणखी जवळ. १९८१ मध्ये तिच्यात गोल्फ गाडीचं १.६ लिटरचं डिझेल इंजिन आडवं झुकवून बसवलं. ५० अश्वशक्ती. त्याचा आवाज ज्यांनी पलंगावर पडून ऐकलाय त्यांना विचारा! १९८२ च्या अखेरीपासून पेट्रोल इंजिनंही पाण्यानं थंड होऊ लागली. रेडिएटर पार पुढे, आणि पाण्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून मागेपर्यंत.

आणि आता धूर. इथे मी जरा गंभीर होते. झाकणाच्या कडेला जी रबरी सील असते ती धूळ अडवण्यासाठी आहे असं लोकांना वाटतं. ती झोपणाऱ्याच्या जिवासाठी आहे. जळालेल्या पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जागा माणूस निदान डोकं दुखतंय म्हणून खिडकी उघडेल, झोपलेला उघडणार नाही. जुन्या गाड्यांत तर हीटरच असा की सायलेन्सरच्या नळीभोवती फिरवलेली गरम हवा थेट आत सोडायची. ती नळी गंजली की हवेबरोबर धूरही आत. तेव्हा माझं श्रोत्यांना सांगणं एवढंच: पहिले पैसे सीलवर घाला, दुसरे उशाजवळच्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर, आणि उरले तर फोमवर.

झाकणाच्या खालच्या बाजूला काही चिकटवणार असाल तर अजून जपा. साधा स्पंजसारखा फोम तेल आणि पेट्रोल शोषतो, म्हणजे तुम्ही इंजिनावर वात टांगून ठेवली. जुन्या पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकून या गाड्यांना आगी लागल्याच्या कथा काही कमी नाहीत. आणि हवेनं थंड होणाऱ्या यातल्या बऱ्याच इंजिनांचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते एकदा पेटलं की विझवणं फार अवघड. शिवाय सुटलेला तुकडा पंख्यानं ओढला तर हवाच बंद. खाली लावायचं ते आग न धरणारं हवं, आणि नुसत्या गोंदावर नाही, पट्टी मारून बसवलेलं हवं. जाळ्या तर अजिबात बुजवायच्या नाहीत.

याच गाड्या १९६० आणि ७० च्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत आपल्याकडे आल्या. बऱ्याच थेट गोव्यात, हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत. युरोपातल्या थंडीसाठी बनलेला तो पलंग, आणि कंदाहारच्या रस्त्यावरचं ऊन. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि तो रस्ता बंद पडला.

पण आपल्याला इंजिनाची धग ओळखायला हिप्पी कशाला हवेत? एसटीच्या लाल डब्यात ड्रायव्हरशेजारचं ते बॉनेट आठवा. वर रेक्झीन, आत काथ्या नाहीतर गोणपाट, आणि गर्दीच्या दिवशी त्यावर टेकलेली दोन-तीन माणसं. डिसेंबरात ती सगळ्यात मानाची जागा, मे महिन्यात तिथे कुणी फिरकायचं नाही. मारुतीच्या ऑम्नीत तर इंजिन पुढच्या सीटच्या खालीच. प्रश्न तोच, इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये फक्त एक झाकण.

फोक्सवॅगननं १९९० मध्ये इंजिन पुढे नेलं आणि पलंगाखालची जागा डिकी झाली. जर्मनीत तो प्रश्नच मिटला. ब्राझीलमध्ये मात्र मागच्या इंजिनाची कोंबी २०१३ च्या डिसेंबरपर्यंत बनत राहिली. शेवटी शेवटी तिचं इंजिनही पाण्यानं थंड होणारं झालं होतं, पण ते होतं तिथेच, मागे, कट्ट्याखाली.

एसटीच्या बॉनेटवर बसून तुम्ही किती लांबचा प्रवास केलाय, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात काही वाचून दाखवेन.