खंडाळ्याचा उतार आणि इंजिनाचा ब्रेक

मंगफमध्ये राहिलं की घाट विसरायला वेळ लागत नाही. इथून फहाहीलला जा नाहीतर कुवेत सिटीला, रस्ता सपाट. पण सुट्टी संपवून पुण्याहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालात की खंडाळ्यानंतर तुमची गाडी लादलेल्या ट्रकांच्या रांगेतून बोरघाट उतरते. म्हणून आजचा विषय त्या ट्रकांच्या इंजिनाचा.

बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला 1830 मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात. मोटारी आल्या तरी उतार तोच राहिला. ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते आणि पाय फळीला टेकला तरी गाडी थांबत नाही.

अमेरिकेत क्लेसी कमिन्स यांनी हे स्वतः भोगलं. 1931 मध्ये आपलं डिझेल इंजिन बसवलेला ट्रक घेऊन ते न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. डिझेलचा खर्च सव्वाअकरा डॉलर, त्याचंच कौतुक झालं! पण कॅलिफोर्नियात कॅहोन खिंड उतरताना ब्रेक गेले, आणि पुढे फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा जेमतेम पुढे सरकला, म्हणून ते वाचले.

ती भीती त्यांनी पंचवीसेक वर्षं मनात ठेवली. डिझेल इंजिन मुळात गाडीला फारसं अडवत नाही. पिस्टन हवा दाबतो, पण तीच हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. कमिन्स यांची युक्ती अशी, की हवा पुरती दाबली गेली की त्याच क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. दाब बाहेर, ढकलणं बंद, आणि इंजिनच गाडीला रोखून धरतं. त्यांच्या इंजिनात इंजेक्टरचा कॅम नेमका त्याच वेळी हलत असे, त्या हालचालीवरच व्हॉल्व्ह उघडायची सोय झाली. 1961 पासून जेकब्स कंपनी हे बनवू लागली. ड्रिल मशीनच्या चकवर हे नाव कारागिरांनी पाहिलेलं असेल, तेच हे जेकब्स! पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली.

जुन्या इंजिनावर हा ब्रेक बसवणं म्हणजे रॉकरच्या वर आणखी एक मजला चढवणं. इंजिन थंड हवं. आधी टॅपेट आणि इंजेक्टरचं सेटिंग, मगच ब्रेकच्या छोट्या पिस्टनची फट फिलर गेजने लावायची. हा क्रम उलटा केला की सगळं मोजमाप फुकट. फट जास्त राहिली तर ब्रेक ढिला पडतो. कमी राहिली तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि कॅमवर ताण येतो. माप त्या इंजिनाच्या पुस्तकातलंच घ्यायचं, शेजारच्या गाडीचं नाही. आणि सगळं चालतं इंजिन ऑइलच्या दाबावर, म्हणून ऑइल स्वच्छ हवं.

पण गाडी गिअरमध्ये नसेल तर हा ब्रेक असून नसल्यासारखा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे आजही आहेत. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं.

पुढच्या खेपेला बोरघाट उतरताना एखादा ट्रक फडफडा आवाज करत हळू चाललेला दिसला, तर हॉर्न मारू नका. तो गिअरमध्ये आहे.